चर्चगेटचा 1938 चा फ्लॅट: 'हेरिटेज' नंतर बघू, आधी मालक कोण ते विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, दोघांच्याही नोकऱ्या फोर्टात, रोजच्या लोकलला कंटाळलात, आणि चर्चगेटला सी रोडच्या बाजूला 1938 सालच्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलाय. उंच छत, मोझॅकची फरशी, गोल बाल्कनी. एजंट म्हणतोय 'हेरिटेज आहे, युनेस्को आहे, कोणी पाडू शकत नाही, भाव वरच जाणार. सध्या पगडी आहे पण सोसायटी होतेच आहे.' आणि तुम्ही विचारलंय की हेरिटेजमध्ये पैसे अडकवावेत का, नियम फार जाच करतात का.

मी गेली 23 वर्षं मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांच्या रिपेअरचं कन्सल्टिंग करते, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहितेय ते साइटवर राहून राहून कळलेलं आहे, तुमच्या वकिलाकडून पक्कं करून घ्याच. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हेरिटेजचा नाहीचे. एजंटच्या त्या लांब वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'पगडी' आहे, म्हणजे मालकी नाही, पैसे मोजून घेतलेलं भाडेकरूपण, आणि तो त्याने मध्येच गिळलाय.

थोडं मागे जाऊ. 1938 साली मुंबईत फ्लॅट विकत मिळत नव्हते. एक शेटजी किंवा एक ट्रस्ट अख्खी बिल्डिंग बांधायचा आणि सगळे ब्लॉक भाड्याने द्यायचा, सगळेच भाडेकरू. ओनरशिप फ्लॅट ही त्यानंतरची गोष्ट, सोसायट्या वाढल्या तेव्हाची. म्हणजे एवढ्या जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट कोणी 'विकतो' म्हणाला की पहिला प्रश्न हाच, की एका मालकाची बिल्डिंग फ्लॅटवाल्यांची कधी झाली आणि कुठल्या कागदाने झाली? मालकाने सोसायटीला कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी नावावर करून देणारा दस्त, करून दिलं असेल तर ते रजिस्टर झालेलं असतं, त्याला तारीख असते, नंबर असतो. तारीख सांगता येत नसेल तर ते झालेलं नाही. तुमच्या केसमध्ये तर एजंट स्वतःच म्हणतोय की झालेलं नाही.

मग तुम्हाला मिळणार काय? भाडेकरूपण. 1947 च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली, आणि ती तशीच राहिली. मालक भाडं वाढवू शकत नाही, भाडेकरूला काढू शकत नाही, म्हणून मग घर बदलताना हातात रोकड द्यायची पद्धत पडली, तीच पगडी. तेव्हा तो सरळ सरळ गुन्हा होता, पण आख्खं गिरगाव, काळबादेवी, दादर त्याच्यावर चाललं. आमच्या ठाकुरद्वारच्या चाळीत माझ्या आजोबांनी खोली अशीच घेतली होती, पावती वगैरे काही नाही, मालकाच्या मुनीमाने वहीत नाव बदललं, संपलं. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, हे कायदेशीर केलं. भाडेकरू हक्क सोडताना पैसे घेऊ शकतो आणि मालक संमती द्यायचे पैसे घेऊ शकतो. टक्का कायद्यात नाही, बाजारात मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास धरतात. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, पण मूळ आकडाच इतका लहान की वाढून वाढून तो किती होणार.

आता यातले चटके बघा, कारण हे एजंट सांगत नाही. मालकाच्या लेखी संमतीशिवाय तुमच्या व्यवहाराला अर्थ नाही, आणि उद्या तुम्ही निघालात की परत मालकाचा वाटा द्यायचा. बँका सहसा पगडीवर होम लोन देत नाहीत, म्हणजे सगळी रक्कम तुमच्या खिशातून. तुम्ही पोटभाडेकरू ठेवला तर ते घर काढून घ्यायला कारण होतं. सहा महिने सलग योग्य कारणाशिवाय बंद ठेवलं तरी मालक कोर्टात जाऊ शकतो. तुम्ही लिहिलंय 'आत्ता घेऊन ठेवू, पाच वर्षांनी राहायला जाऊ', तर ते तिथेच बाद झालं. आणि भाडेकरूपण मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येत नाही. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाचा हक्क आधी. मुलगी शिकायला जर्मनीत आहे म्हणालात, हा मुद्दा वकिलाशी नीट बोला.

'सोसायटी होतेच आहे' हे वाक्य मी करिअरच्या पहिल्या वर्षापासून ऐकतेय. त्याला एक आधार आहे, खोटं म्हणणार नाही. म्हाडा कायद्यात एक प्रकरण आहे की उपकरप्राप्त म्हणजे सेस बिल्डिंगमधल्या (जुन्या बिल्डिंगा, ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतात) 70 टक्के रहिवाशांनी सोसायटी करून अर्ज केला तर 100 महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम देऊन ती मालमत्ता मालकाकडून घेता येते. शंभर महिन्यांचं जुनं भाडं म्हणजे किती ते तुम्हीच गुणाकार करा, त्यामुळे मालक मंडळी कोर्टात गेली नसती तरच नवल. ते प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या बेंचपर्यंत गेलं आणि 5 नोव्हेंबर 2024 ला निकाल आला की प्रत्येक खाजगी मालमत्ता आपोआप समाजाची साधनसंपत्ती होत नाही. त्याचा तुमच्या बिल्डिंगवर नेमका काय परिणाम होतो हे वकील सांगेल, पण मी व्यवहाराचं सांगते: उद्या होईल म्हणून ओनरशिपचा भाव आज देऊ नका. पगडी आहे तर पगडीचाच भाव. फरक मोठा असतो. तुम्ही जो आकडा लिहिलाय तो मला दोन्हीच्या मधला कुठेतरी वाटतोय, म्हणजे सोसायटी व्हायच्या आधीच तिचे पैसे तुमच्याकडून घेतले जातायत.

अजून एक, बॅकबे रिक्लेमेशनवरच्या, म्हणजे चर्चगेटच्या बाजूला समुद्र बुजवून केलेल्या भागातल्या, बऱ्याच प्लॉटची जमीन सरकारी लीजवर आहे. म्हणजे ज्याला आपण मालक म्हणतोय तो बिल्डिंगचा मालक, जमिनीचा नाही. लीज कधी संपतं, नूतनीकरण झालंय का, ट्रान्सफरला कलेक्टर ऑफिसची परवानगी लागते का, हे ओल्ड कस्टम हाउसला, म्हणजे कलेक्टर ऑफिसलाच, जाऊन कळतं. मालमत्ता पत्रक काढा, त्यात जमिनीचा धारणाधिकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरलीय ते, लिहिलेला असतो. वीस मिनिटांचं वाचन आहे पण लोक करत नाहीत, किचन ओटा बघण्यात तासभर घालवतात.

आता माझा विषय. पगडीचा आणि भिंतीतल्या तड्याचा संबंध लोकांना कळत नाही म्हणून एवढं रामायण लिहिलं. मालकाला एका ब्लॉकचं महिन्याचं भाडं मिळतं तेवढ्यात आज दोघांचं हॉटेलात जेवण होत नाही. तो रिपेअर कशाला करेल? भाडेकरू म्हणतो बिल्डिंग माझी नाही, मी बाहेरच्या भिंतीवर का खर्च करू, मी माझं आतलं चकाचक करतो. ऐंशी वर्षं हेच चाललं की काय होतं ते एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, बघून या, काळाघोड्याला आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून 1860 च्या दशकात उभा केला, 1896 साली भारतातला पहिला सिनेमा तिथे दाखवला, ग्रेड टू-ए हेरिटेज, आणि 2019 साली हायकोर्टाच्या आदेशाने रिकामी करावी लागली. हेरिटेजची पाटी छप्पर सावरत नाही. 2020 च्या जुलैत फोर्टातलीच भानुशाली बिल्डिंग पडली, पावसात, माणसं गेली.

तुमची बिल्डिंग मात्र वेगळ्या जातीची आहे. गिरगावातल्या चाळी म्हणजे लाकडी खांब, तुळया, विटा, चुना. तिथे मी वाळवी बघते, खांबाचे पाय कुजलेत का ते बघते, मोरीच्या खालची तुळई बघते. चर्चगेट-मरीन ड्राइव्हची आर्ट डेको बिल्डिंग ही सुरुवातीच्या आरसीसीची, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची. तेव्हा सिमेंट नवीन होतं, इंजिनिअर उत्साही होते, बाल्कन्या गोल, खिडक्यांवर भुवयांसारखे पातळ छज्जे. दिसायला फार सुंदर, पण त्या छज्ज्यात सळीवर काँक्रीटचं कव्हर कित्येकदा जेमतेम अर्धा-पाऊण इंच असतं, आणि समोर समुद्र. खारं वारं आत शिरतं, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते, आणि फुगली की काँक्रीटला आतून ढकलते. म्हणून पहिल्यांदा सळीच्या रेषेत सरळ चीर दिसते, मग पोपडा, मग एक दिवस तुकडा खाली.

बघायला जाल तेव्हा वर बघा. फॉल्स सीलिंग असेल तर मला लगेच शंका येते. एका जोडप्याने याच पट्ट्यात फ्लॅट घेतला, नवं कोरं पीओपी, छुपे लाइट, सगळं झक्कास, आणि ताबा घेतल्यावर मला बोलावलं कारण बेडरूमच्या कोपऱ्यात डाग आला होता. आम्ही दोन बाय दोनचा तुकडा कापला. वर टॉर्च मारला तर स्लॅबच्या खालच्या सळ्या उघड्या, गंजाचे पापुद्रे निघून त्या पीओपीच्या मागच्या बाजूवर लाल भुकटी होऊन पडलेल्या, आणि मधल्या बीमवर कोणीतरी पूर्वी सिमेंटचं प्लास्टर नुसतं थापून ठेवलेलं, हाताने ओढलं तर सबंध निघालं. वरच्या मजल्यावर बाथरूम सरकवून बेडरूमच्या डोक्यावर आणलेलं, वीस वर्षं झिरपत होतं. विकणाऱ्याला माहीत होतं का? पीओपी त्याने व्यवहाराच्या चार महिने आधी केलं होतं, बाकी तुम्ही समजा.

म्हणून छताचा थोडा भाग उघडायची परवानगी मागा. देत नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. उघड्या छतावर मी लहान हातोडीने ठोकत जाते, चांगलं काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं, हे तुम्हालाही दोन मिनिटांत कळेल. मग एका ठिकाणी काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतो, शाळेच्या लॅबमधलंच ते. काँक्रीट निरोगी असेल तर झटकन गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेला असेल तर रंगच येत नाही. आणि तो बिनरंगाचा पट्टा सळीपर्यंत पोचला असेल तर सळीचं कवच गेलं समजायचं. बाकी अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल, कोअर काढून दाबून बघणं या टेस्ट असतात, त्या पूर्ण बिल्डिंगच्या ऑडिटमध्ये होतात, एका फ्लॅटपुरत्या करून उपयोग नाही. कारण तुमचा फ्लॅट कितीही चांगला असला तरी तळमजल्यावरच्या दुकानदाराने कॉलम तासला असेल तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर काय करणार.

ऑडिट त्यांच्याकडे असायलाच हवं. 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला महापालिका कायद्याने ते बंधनकारक आहे. रिपोर्ट मागा आणि वर्गवारी बघा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, विषय संपला. सी-2ए म्हणजे मोठी दुरुस्ती आणि तीही घरं किंवा काही भाग रिकामा करून, सी-2बी म्हणजे मोठी दुरुस्ती पण रिकामं न करता, सी-3 म्हणजे किरकोळ. माझ्या अनुभवात त्या पट्ट्यातल्या बऱ्याच बिल्डिंगा सी-2 च्या दोन प्रकारांत बसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त विचारायचं की खर्च कोण करणार. इथे परत आपण पगडीवर आलो. सोसायटी असेल तर रिपेअर फंड असतो, वार्षिक सभेचे मिनिट्स असतात, कोण पैसे देत नाही त्याची यादी असते, भांडणं असतात पण ती कागदावर असतात. मालक-भाडेकरू असेल तर मालक हात वर करतो, मग म्हाडाचं रिपेअर बोर्ड, आणि त्यांच्या खर्चाला मर्यादा आहे, वरचे पैसे रहिवाशांनी घालायचे. सप्टेंबर 1940 च्या आधीची बिल्डिंग सेसच्या ए कॅटेगरीत येते, तुमची त्यातली असणार, भाडेपावतीवर सेस वेगळा दाखवलाय का बघा.

हेरिटेजच्या नियमांना तुम्ही जेवढे घाबरलात तेवढं काही नाही. मुंबईचे नियम 1995 चे, देशात असे पहिले. ग्रेड वन म्हणजे सीएसएमटी, हायकोर्ट, तिथे हात लावायचा नाही. ग्रेड टू मध्ये आतले बदल तपासून होतात. ग्रेड थ्रीला शहराच्या चेहऱ्यासाठी महत्त्व, आतलं तुम्ही बऱ्यापैकी बदलू शकता. दुखणं बाहेरच्या अंगाला असतं. सागवानी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग लावायची, बाल्कनी बंद करायची, एसीचं आउटडोअर युनिट दर्शनी भिंतीवर टांगायचं, हे सगळं विचारून. शेजाऱ्याने केलंय म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. उलट पूर्वीच्या माणसाने बेकायदा बंद केलेली बाल्कनी तुमच्या गळ्यात येऊ शकते, महापालिकेतून मंजूर प्लॅन काढून जुळवून बघा.

आणि 'पाडू शकत नाही' हे अर्धसत्य. ग्रेड थ्रीचा पुनर्विकास परवानगीने होतो, परिसराप्रमाणे उंचीची बंधनं असतात. बंधनं असली की बिल्डरला उरत नाही, म्हणून तो येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गिरगावात टॉवर झाला तशी नवीन मोठी जागा मिळेल या हिशोबाने तुम्ही घेत असाल तर इथे घेऊ नका. युनेस्कोचंही तसंच. 30 जून 2018 ला यादीत जे आलं ते ओव्हल मैदानाच्या दोन बाजू आणि मरीन ड्राइव्हची दर्शनी रांग, 94 बिल्डिंगा. मागच्या गल्ल्या बऱ्याचशा बफर झोनमध्ये, म्हणजे यादीतल्या भागाभोवतीच्या पट्ट्यात. तुमची नेमकी कशात ते नकाशात बघा. एजंट 'युनेस्को' म्हणून भाव चढवतो, पण युनेस्को तुमच्या छज्ज्याला एक रुपया देत नाही.

मग घ्यायचा का? अवलंबून आहे हो, आणि कशावर ते सांगते. राहायला आत्ताच जाणार असाल, पैसे लोनशिवाय उभे राहत असतील, मालक सापडतो आणि लेखी संमती, रजिस्टर्ड भाडेकरार द्यायला तयार आहे, ऑडिट सी-2बी किंवा त्याहून बरं, आणि भाव पगडीचा, तर मी म्हणेन घ्या. त्या घरांत वारा ज्या पद्धतीने खेळतो तसं नवीन बांधकामात मी बघितलेलं नाही, आणि स्टेशन पाच मिनिटांवर म्हणजे रोजचे तीन तास परत मिळणार. गुंतवणूक म्हणून, बंद ठेवायला, सोसायटी होईल या भरवशावर, तर नको. त्याच पट्ट्यात कन्व्हेयन्स झालेल्या सोसायटीतले फ्लॅटही निघतात, महाग असतात, लहान बघा पण ते बघा, तिथे बँकही उभी राहते. तिथे 6 टक्के स्टॅम्प ड्युटी, घर बाईच्या एकटीच्या नावाने असेल तर एक टक्का कमी, आणि किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर सगळ्या रकमेवर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, हा हिशोब आधीच धरा.

क्रम असा ठेवा: मालमत्ता पत्रक आणि लीज, मग मालकाची भेट (एजंटशिवाय), मग ऑडिट रिपोर्ट, मग छत उघडून बघणं, आणि टोकन या सगळ्यानंतर. एजंट म्हणेल दुसरी पार्टी तयार आहे. ती पार्टी 23 वर्षं तयार आहे, मी तिला अजून भेटलेली नाही. शक्य असेल तर जुलैत, दोन दिवस सलग पाऊस पडल्यावर जा, आणि लिफ्टने न जाता जिना चढा, गच्चीपर्यंत. जिन्यातल्या भिंतीला कोणी पीओपी करत नाही, बिल्डिंगची तब्येत तिथे कळते. लिफ्टमन जुना असेल तर त्याच्याशी पाच मिनिटं बोला, कुठल्या मजल्यावर बादली ठेवतात ते त्याला पाठ असतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की फरशी जुनी, डाग पडलेली आहे, काढून व्हिट्रिफाइड टाकली तर चालेल का. अहो नका काढू. एक तर जुन्या स्लॅबवर ब्रेकर चालवायचा नाही, हादऱ्याने खालच्याचं छत सुटतं, आणि फरशीवर फरशी टाकली तर वजन वाढतं. दुसरं म्हणजे तुम्ही पाठवलेल्या फोटोत कडेला जी काळी-हिरवी पट्टी दिसतेय ती हाताने ओतलेली आहे, तसं काम करणारे कारागीर आता मोजके. खराब तुकडे असतील तर जुळवून बसवता येतात, नंतर मशीनने तीन-चार हात घासून घ्यायचं, शेवटचा हात पॉलिशच्या ऑक्झॅलिक पावडरचा. अ‍ॅसिड मारून धुवायला कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. डाग म्हणताय ते बहुतेक जुन्या मेणाचे थर आहेत, पहिल्या घासणीत निघतील.